कागदावरची जुळी

माझं नाव शमीम, आणि माझा जन्म रमजानच्या सत्ताविसाव्या रोजाचा, रायगडात खाली खाडीकाठी आमचं गाव आहे तिथला. अम्मीला एवढी एकच तारीख पाठ. साल विचारलं तर ती म्हणते, तुझा भाऊ सलीम दोन वर्षांचा होता, अजून अंगावर प्यायचा, आणि मशिदीवर नवे पत्रे घातले ते साल. आता तुमीच सांगा, पत्रे घातल्याचं साल मी कुठल्या रजिस्टरात शोधू? ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायची होती आजोबांनी, सलीमची त्यांनी केली, माझ्या वेळेला गेले नाहीत, पाऊस होता म्हणे. पाऊस काय चार महिने होता, नंतर सुकलं की सगळं, तरी गेले नाहीत. लोक याला नशीब म्हणतात. मी याला आळस म्हणते, आणि मुलीची नोंद करून कुठं दिवे लावायचेत हा विचार, तो तर आळसाच्या पण वरचा.

अब्बा तेव्हा विलायतेत. आधी बोटीवर होते, मग तिकडेच गिरणीत लागले, दोन-तीन वर्षांनी एकदा यायचे, टेप आणि घोंगडी घेऊन. घरात अम्मी, आजोबा, आमी दोघं. सलीम सहाचा झाला तेव्हा त्याला शाळेत घालायला नेलं, तर हा दाराला मिठी मारून बसला, शमी पायजे, शमी नसंल तर मी नाय बसत. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी अम्मी मला पण कडेवर घेऊन गेली. मला चार पुरी नव्हती, काय सांगू तुमाला, चार! गुरुजी म्हणाले, बाई, सहा पूर्ण पायजेत, नियम आहे. अम्मी म्हणाली, मग लिवा सहा, कोन बघायला येतंय? गुरुजी म्हणाले, अहो हा पण सहाचा, ही पण सहाची, दोघं एका आईची, कसं बसवायचं ते? मग आपणच हसले आणि म्हणाले, जुळी लिहितो, सलीम-शमीम, नावं तर तुमी जुळ्यांसारखीच ठेवलीत. दोघांची जन्मतारीख एक जून लिहिली. गावातली निम्मी पोरं एक जूनचीच होती, शाळा जूनमध्ये सुरू होते ना, हिशेबाला सोपं. आमच्या गावात एक जूनला आया किती दमत असतील बघा. सगळे हसले, अम्मी हसली, गुरुजींना तिनं घरचे दोन नारळ दिले. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग आजोबा वारले आणि मामूनं आमाला वाशीला आणलं. मामू मार्केटात, कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर मेहताजी. इथल्या शाळेत गेलो तर म्हणाले, शाळा सोडल्याचा दाखला आणा. मामू गावी गेला तर ते गुरुजी बदलून गेलेले, नवीन म्हणतात जुनं रजिस्टर सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या. असे पुढचे आठवडे करत करत दिवाळी आली, मग नाताळ, मग इथले म्हणाले आता जूनमध्येच. एक अख्खं वर्ष दाखल्याच्या वाटेवर गेलं. सलीम गोट्या खेळला, मी घरी लसूण सोलला. तेव्हा वाटलं चला, सुट्टी. त्या एका वर्षानं माझं काय केलं ते पुढे कळलं.

वाशीच्या शाळेत मला अर्धं तिकीट म्हणायचे. सगळ्या वर्गात लहान, पहिल्या बाकावर पाय लोंबकळत बसायची. पण गणित माझं. सलीम माझ्या मागं बसायचा आणि माझ्या वहीत बघून लिहायचा, बाई म्हणायच्या, जुळ्यांतलं डोकं एकीकडंच गेलं वाटतं. नववीला माझा पहिला नंबर आला. बाई घरी आल्या, आमच्या खोलीत, अम्मीला म्हणाल्या, हिला दहावीला मोकळं सोडा, भांडीबिंडी लावू नका मागं, ही पोरगी बोर्डात नाव काढंल. अम्मीनं त्यांना शेवयांची खीर दिली. तो दिवस मला आजपण दिसतो.

अब्बांची आमाला तिकडे नेण्याची फाईल वर्षानुवर्षं पडलेली. मुंबईत दंगल झाली आणि अब्बा घाईला आले, म्हणाले आता ठेवत नाही तुमाला तिथं. मुलाखतीला बोलावणं आलं. आदल्या दिवशी मामूनं मला समोर बसवलं. म्हणाला, शमी, तुझं खरं वय तोंडातनं काढायचं नाही. खरं वय सांगितलं तर तुमी जुळी नाही, जुळी नाही तर साहेब म्हणेल यातलं एक पोर दुसऱ्याचं आहे, उसनं आणलंय, व्हिसासाठी आणतात लोक, मग सगळ्यांचीच फाईल बंद. कळलं का? कळलं. दुसऱ्या दिवशी तो गोरा साहेब एकदा सलीमकडं बघतो, त्याला मिशा फुटलेल्या, एकदा माझ्याकडं बघतो, मी सलीमच्या कोपराएवढी. त्याच्या शेजारचा दुभाषा विचारतो, जुळी? अम्मी म्हणाली, हो साहेब, हा पहिला झाला, ही अर्ध्या तासानं. अर्धा तास! कुठून काढला तिनं तो अर्धा तास, मला अजून कळलेलं नाही.

व्हिसा आला ऑगस्टात. दहावी सुरू होऊन दोन महिने झालेले. बाई परत घरी आल्या. म्हणाल्या, मार्चला परीक्षा, सात महिने मामांकडे राहू द्या, पेपर झाले की पाठवा. मामू तयार होता. अम्मी नाही म्हणाली, व्हिसाला मुदत असते, आणि मुलगी मागं ठेवून कोन जातं? मग शाळेत दाखला काढायला गेलो. त्याच्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. क्लार्कनं न विचारता लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून. मी शेजारी उभी. माझी विनंती कुणीच विचारली नाही. विचारायचं कारणच नाही म्हणा, चौदापर्यंत मुलाला शिकवायचं म्हणतात इथं, ते पण नुसतं म्हणतात, पुढं कुणी पोर शाळेतनं उचललं तर शाळा दाखला हातात देते आणि पुढचा म्हणते. आणि कागदावर तर मला सोळा पूर्ण झाली होती. खरी मी त्याच महिन्यात चौदाची झाले होते, रमजान दरसाल सरकतो पण माझ्या जन्माच्या साली तो ऑगस्टात होता.

तिकडे कायदा कडक. सोळापर्यंत मुलाला शाळेत धाडलंच पायजे, नाही धाडलं तर आईबापाला कोर्टात खेचतात. आमच्या शेजारची बाई सांगायची, मला वाटलं वा, ही खरी जागा. अब्बा मला एका ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या बाईनं पासपोर्ट बघितला, बोट ठेवलं आणि छान हसून म्हणाली, सोळा झाली की हिला, शाळेचं वय संपलं हिचं, आता कायदा काही मागत नाही. मी म्हटलं मला शिकायचंय. ती म्हणाली, कॉलेजात विचार. कॉलेजवाले म्हणाले, आधीच्या परीक्षेचा कागद आण. कुठली परीक्षा, ती मार्चला होती, मी सप्टेंबरात तिथं उभी. ते गावच्या दाखल्यापायी गेलेलं वर्ष गेलं नसतं ना, तर मी दहावी होऊन विमानात बसले असते. म्हणजे बघा, इथला नियम मला ठेवत नाही आणि तिथला घेत नाही, आणि दोन्हीकडचे बरोबर! नियमात कुणाची चूक दाखवा तुमी. मी शोधून दमले.

सलीमला काय, तो खराच सोळाचा, शाळा सुटली म्हणून खूष, गादीच्या कारखान्यात लागला. मला अब्बांनी उशांचे अभ्रे आणून दिले शिवायला, घरातच. मशीन खिडकीपाशी ठेवलेली. पावणेनऊला त्या खिडकीखालनं माझ्या वयाच्या पोरी शाळेत जायच्या, एकसारखे निळे स्वेटर, एक तर रोज उशिरा पळत जायची, मी तिची वाट बघायची.

आता हे ऐका. एक दिवस अकरा वाजता अम्मीनं मला दूध आणायला पाठवलं. रस्त्यात एक माणूस आडवा आला, पन्नाशीचा, आपल्याच मुलखाकडचा, गळ्यात कार्ड, आवाज एकदम मऊ. म्हणाला, बेटी, शाळा सोडून कुठं फिरतेस? त्याचं कामच ते, शाळा चुकवणारी पोरं रस्त्यातनं पकडून शाळेत नेऊन बसवायची. मला बघून त्याला शाळेतली पोरगी दिसली. मी होतेच ना शाळेतली पोरगी! तो माझ्याबरोबर घरापर्यंत आला, दूध त्यानंच धरलं. दारात अम्मी, आणि रात्रपाळी करून आलेले अब्बा. तो त्यांना रागावला, इतकी लहान मुलगी घरी ठेवता, कायद्यानं गुन्हा आहे, उद्यापासनं हिचं नाव घालतो, मी स्वतः घालतो. काय सांगू तुमाला! कायदा चालत माझ्या दारात आला होता, हातात दुधाची बाटली घेऊन.

अम्मी आत गेली आणि पासपोर्ट घेऊन आली. त्यानं वाचलं. माझ्याकडं बघितलं. परत वाचलं. मग मला विचारलं, खरंच सोळा? अब्बा माझ्याकडं बघत होते. फक्त बघत होते, डोळे वटारले नाहीत, हात जोडल्यासारखे बघत होते. मी चौदा म्हटलं असतं तर मला शाळा मिळाली असती आणि त्या चौघांची, म्हणजे आमची चौघांची, ती सगळी फाईल त्याच दिवशी उघडली असती. मी म्हटलं, सिक्स्टीन. तो सॉरी म्हणाला. सॉरी म्हणाला तो मला, आणि बाटली ठेवून गेला. अम्मीनं दार लावलं आणि म्हणाली, शाबास. त्या शाबासचा राग माझा अजून गेलेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. कागदावर अठरा झाली तशी अब्बांनी स्थळ बघितलं. अठरा म्हणजे सज्ञान, सगळं कायद्यात बसणारं. खरी मी सोळाची. म्हणजे शाळेला मी मोठी, लग्नाला पण मोठी, फक्त मला जे पायजे त्याला मी कधीच वेळेवर नाही. मी नाही म्हटलं. रडारड, अबोला, दोन महिने जेवण गिळवेना. शेवटी अब्बा म्हणाले, जा मामूकडं, डोकं ठिकाणावर आलं की ये. आले. डोकं तिथंच आहे.

मामूनं काही विचारलं नाही, म्हणाला खोली तीच आहे, बस. मी आधी शाळेत गेले. बाईंची बदली झालेली, पण क्लार्क तोच. म्हणाला, अरे अर्धं तिकीट! बसवलं, चहा सांगितला. मी म्हटलं मला दहावी द्यायचीय. तो म्हणाला, पटावरनं नाव गेलं तुझं, आता बाहेरनं दे, सतरा नंबरचा फॉर्म भर. मी म्हटलं, आणि तारीख नीट करा माझी. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, शमीम, शाळेत असतीस तर अर्ज करता आला असता, शाळा सोडल्यावर जन्मतारीख बदलत नाही, तसा नियम आहे. मी हसायला लागले. त्याला वाटलं पोरगी वेडी झाली. अहो, त्या तारखेपायी माझी शाळा सुटली, आणि शाळा सुटली म्हणून ती तारीख सुटत नाही!

आता बेलापूरला कचेऱ्यांच्या बाहेर टायपिंगच्या दुकानात बसते. प्रतिज्ञापत्रं टाइप करते, मी खालील सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. जन्मतारखेची सगळ्यात जास्त. गेल्या महिन्यात दिघ्यावरनं एक बाई आली, बोलण्यावरनं मराठवाड्याकडची, कडेवर पोरगी, पाचाची पण नसेल, नाकात बोट घालून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, ताई, सहा पूर्न लिवा हिला, शाळंत घेईनात. मी तिला सगळं सांगितलं, आत्ता तुमाला सांगितलं तसं, पाऊण तास. बाई, दोन वर्षं थांब, खरं लिही, पोरीचं वाटोळं होईल. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, तुजं खरं हाय ताई, पन मी कंपनीत जाते सातला, हिचा बाप जातो सातला, लेकराला कोन बघंल? तू बघतीस का? तुज्याकडं आनून सोडते रोज.

माझ्याकडं नुसतं भाषण होतं. बालवाडी कुठाय तिच्या गल्लीत? सरकारला विचारा. ती उठली, शेजारच्या दुकानात गेली, दहा मिनिटांत कागद घेऊन बाहेर आली. जाताना त्या पोरीनं मला टाटा केला.

आणि माझं काय, तर दीड वर्ष टाळलेला तो सतरा नंबरचा फॉर्म शेवटी भरला मी. बाकी सगळं भरून ठेवलं, जन्मतारखेच्या रकान्यावर पेन अडला. दाखल्यावर असेल तीच लिहायची, खाडाखोड चालत नाही. गुरुजींनी लिहिलं तेव्हा मी चारची पण नव्हते, अम्मी बोलली तेव्हा मी गप्प होते, त्या माणसाला सिक्स्टीन म्हटलं ते नुसतं तोंडानं. हे पहिल्यांदाच माझ्या हातानं. लिहिलं एक जून, खाली सही केली. येत्या मार्चला बसेन, कागदावर वीस पुरी, अंगानं अठरा.

आता रमजान आला की अम्मीचा फोन येतो, सत्ताविसाव्या रोजाला, चुकत नाही. म्हणते, आज तुझा जन्म शमी, खीर केलीय, इथं खायला कोन नाय. मी रागानं हूं म्हणते आणि ठेवत पण नाही फोन. सगळ्या दुनियेत माझी खरी तारीख त्या एकाच बाईला माहीत आहे, आणि तिचा अंगठा कुठलंच ऑफिस घेत नाही.

त्या दिघ्याच्या पोरीला अल्ला सुखी ठेवो. शिकू दे तिला. आणि दहावी होईस्तोवर तिच्या आईबापाला कुठूनच बोलावणं न येवो.