अहिराणीला मिळालेला पहिला माणूस

तुम्ही हसाल, पण परवा मला तासभर वाटलं, आपली अहिराणी बोली वाचली.

सटाण्याला माझी थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळून आहे. तिला फोनवर शब्द विचारून, शेजारच्या केतकीच्या मदतीनं मी अहिराणी बोलणाऱ्या एआय एजंटची वर्कस्पेस, म्हणजे त्याला बोली शिकवणाऱ्या फायलींचा संच, तयार केली. कुणालाही शोधून उतरवून घेता यावी म्हणून काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून शेअर केली. कमांड चुकली तर नसेल, ही धास्ती होतीच. अक्का रोज विचारायची, "घेतलं का रे कोणी?" कितीजणांनी उतरवली तो आकडा मी रोज बघायचो. शून्य.

परवा तिथं 'एक' दिसलं. अक्काला लगेच कळवलं. फोनवर ती रडली.

मग केतकीला विचारलं, "कुठला असेल गं हा? धुळ्याचा?"

"काका, काल नव्या लॅपटॉपवर तुम्हीच उतरवलीत ना?"

"ती नीट शेअर झाली का, ते बघायला."

"मग तो एक म्हणजे तुम्हीच."

तेवढ्यात अक्काचा फोन आला. त्या माणसाशी तिला बोलायचं होतं. "कोन शे तो?"

"मीच शे, अक्का."

ती म्हणाली, "मंग तूच बोल."

मला अहिराणीत पुढचं वाक्य येईना.