नवरीचे झगे

मन्सूरातल्या बेकरीपुढच्या रांगेत फिक्रियाचा नंबर जवळ आला होता, पण तिचे कान मागे लागले होते. मागे शिवणकाम करणारी इन्शिराह आणि तिची शेजारीण कौकब उभ्या होत्या.

"सुटलीस कधी गं?"

"काल. माझ्या हाताखालची मुलगी, नगात, अजून कोठडीत आहे."

"पण केलंत काय तुम्ही?"

"दुपारी बायका येतात, मापं देतात, खिदळतात. कुणीतरी पोलिसांना कळवलं, इथे धंदा चालतो. दार तोडून आत आले आणि एका नवरीसाठी शिवलेले रात्रीचे झगे पुरावा म्हणून घेऊन गेले."

"अगं बाई."

"ठाणेदार एकेक झगा वर धरून बघायचे आणि लिहून घ्यायला सांगायचे, घरंदाज बाई असलं काही अंगाला लावत नाही."

"कुणाचे आहेत ते सांगायचं नाही का?"

"नवरीच्या आईने बजावलं होतं, घरातल्या पुरुषांना कळता कामा नये. आज सकाळी तीच दारात. म्हणाली, उद्या मेंदी आहे, झगे दे."

"मग?"

"म्हटलं, बाईसाहेब, तुमच्या नवऱ्याच्याच ठाण्यातल्या कपाटात आहेत. सील करून ठेवलेत."

बेकरीवाल्याने दोनदा हाक मारली, तरी फिक्रिया हलली नाही.

"काय म्हणाली?"

"आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, उद्यापर्यंत दुसरे शिव. म्हटलं, एकटीच्या हातून कसं होणार, नगात लागेल."

"आणि?"

"तरातरा ठाण्याकडे गेली. म्हणून तर आज दोघींच्या रोट्या घ्यायला आलेय."