हिराबेंच्या देव्हाऱ्यातला लसूणभात

(१९८६. कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन गाव. म्हाताऱ्या फर्मिनचं स्वयंपाकघर, टेबलावर टेपरेकॉर्डर. कॉलेजात शिकणारी नात डेलिया सुट्टीला आली आहे. ती आजोबांना फिलिपिनो रीतीने ‘लोलो’ म्हणते. तिची आई लूझ, म्हणजे फर्मिनची मुलगी, नर्स आहे आणि नुकतीच ड्युटीवरून आली आहे.)

लूझ : मेक्सिकन, जपानी, काळे, आपण फिलिपिनो, सगळ्यांची गाऱ्हाणी शेजारी शेजारी मांडायची, याला म्हणे डिग्री! पोट भरणारंय का त्यानं? सोमवारी नर्सिंगचा फॉर्म भरायचा. विषय संपला.

डेलिया : आधी लोलोंना एकच विचारू दे. लोलो, तुम्ही हिराबेंच्या मळ्यावर होतात ना?

फर्मिन : कोण हिराबे? बंद कर ते यंत्र.

डेलिया : युद्धात सरकारनं इथल्या जपान्यांना छावणीत डांबलं, तेव्हा हिराबेंनी घराची किल्ली कुणाला दिली?

फर्मिन : तुला कुणी सांगितलं?

लूझ : कसली किल्ली, बाबा?

फर्मिन : हिराबेंच्या म्हातारीनं दिली होती. दोनच सुटकेसी न्यायची मुभा होती त्यांना. म्हणाली, फर्मिन, झाडं जगली तर जगली, पण आमच्या देव्हाऱ्यात रोज भात ठेव. पहिल्या वाफेचा.

लूझ : बुद्धाला? तुम्ही? रविवारची प्रार्थना न चुकवणारे?

फर्मिन : पाद्री म्हणाला, पाप आहे, सोड. मी पाद्र्याकडे जाणंच सोडलं. साडेतीन वर्षं. म्हातारीला शब्द दिला होता ना!

लूझ : मग लपवण्यासारखं काय त्यात?

फर्मिन : मी माझ्यासाठी करायचो तोच भात ठेवायचो गं. लसणात परतलेला. ती परत आली, दार उघडलं, घरभर लसणाचा वास. तिनं तोंडावर हात धरला आणि गुडघ्यावर बसली. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि सुटलो. पुढे एका जपानी दुकानदारानं सांगितलं, त्यांच्या देव्हाऱ्यात लसूण चालतच नाही. हजारावर दिवस मी तिचा देव बाटवला, पोरी. परत त्या रस्त्याला गेलो नाही.

डेलिया : लोलो, माझ्या वर्गात नेओमी हिराबे आहे. त्या म्हातारीची पणती.

फर्मिन : अरे देवा.

डेलिया : सरांनी सांगितलं होतं, घरातली अशी एक रीत आणा जी तुमच्याच लोकांना चुकीची वाटते. नेओमी म्हणाली, आमच्याकडे वर्षातून एकदा, छावणीतून परतलो त्या दिवशी, बुद्धाला लसणाचा भात असतो. मंदिरातले भिक्खू दरवर्षी कुरकुरतात. पणजीचा हुकूम होता, ज्यानं आपला देव उपाशी ठेवला नाही त्याच्या हातची चव आहे ही, मोडायची नाही.

फर्मिन : खोटं बोलतेस.

डेलिया : पूर्ण नाव कुणाला ठाऊक नाही. एवढंच सांगतात, फर्मिन म्हणून होता, डाव्या हाताला चारच बोटं. मी वर्गातच ओळखलं. हाच हात धरून मी चालायला शिकले.

फर्मिन : चाळीस वर्षं? अजून ठेवतात?

डेलिया : अजून.

फर्मिन : म्हणजे ती रागावली नव्हती...

लूझ : बाबा, पुसा डोळे. मला का नाही कधी सांगितलंत हे?

फर्मिन : विचारलंस कधी?

लूझ : ...डेलिया, ती टेप संपत आली वाटतं. दुसरी घाल.