राक्षस मरत नाही ती गोष्ट

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या. भाचीच्या गुडघ्याला पट्टा होता. आदल्या दिवशी दोघींनी एका जुन्या सिनेमाचा नवा अवतार पाहिला होता.

“आत्या, नवाच चांगलाय गं. निदान यात राणी स्वतः तलवार चालवते. जुन्यात नुसती वाट बघत बसायची.”

“चालवते, पण एका घावात राक्षस आडवा! जुन्यातही तेच, फक्त तलवार राजाच्या हातात.”

“मग मूळ गोष्टीत कसा मरतो?”

“मरतच नाही. माझी आजी सांगायची, राणी त्याला रोज वेशीबाहेर ढकलते, घरी येऊन जेवते, झोपते. सकाळी स्वारी पुन्हा हजर.”

“असला सिनेमा कोण बघणार? लोक कंटाळतील.”

“राणीही कंटाळते. एकदा तर दारात बसून रडते.”

“मग?”

“मग डोळे पुसते नि पुन्हा त्याला ढकलायला जाते.”

“माझा गुडघा पुन्हा वाकेल, आत्या?”

“खोटं कशाला बोलू? मला ठाऊक नाही.”

आतून डॉक्टरांची हाक आली. भाची भिंतीला धरून उठली.

“थांब, मीही येते.”

“नको. तू इथेच बस. आणि मी कितीही ओरडले तरी त्यांना थांबवायला आत यायचं नाही.”