मस्तगडातली तुंबलेली मोरी

आता हसून राह्यलो, पण त्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुष्काळ सरून पाऊस आल्ता अन् मस्तगडात आमच्या गल्लीचं पाणी उंबऱ्याला लागल्तं. रस्त्याखालच्या मोरीतून थेंब पुढं सरकंना. नगरपालिकेचा मुकादम बांबूनं ढोसून राह्यल्ता, अन् त्याच्यावर सगळ्यात जास्त मीच ओरडत होतो.

"मोरी साफच केली न्हाई तुमी! आजच तक्रार करतो!"

"मास्तर, आत कुनीतरी कायतरी कोंबलंय."

तवा मला एकदम आठवलं. दुष्काळात नाला कोरडा, अन् चाऱ्याला चोर लागलेले. मंग म्हशीच्या कडब्याचे भारे मीच त्या मोरीत दडवल्ते. पुढं म्हैस विकली अन् भारे बिलकुल विसरून गेल्तो!

मी येरझारा घालाय लागलो. "ऱ्हाऊ द्या मुकादम, उतरंल पानी आपोआप."

"आत्ता तं तक्रार करत होते!" म्हणून त्यानं असा जोर लावला, की एक भारा भसकन बाहेर आला. "कुनाचा हाय हा?"

मी बी गल्लीतल्या लोकांकडं असा बघाय लागलो, जनू मला कायच ठाव न्हाई.

तेवढ्यात दारातून आमची बायको ओरडली, "अवो, भाऱ्याला बांधलेलं हे तं माझं हिरवं लुगडं! तुमी तं म्हन्ले, चोरानं नेलं!"