भिंतीपलीकडची ओवी

"ऐकू आलं ना? मग ओ दे की रे!"

मंडळी, आमच्या गुरूंचा हा आवाज अजून कानात आहे. लहानपणी खेळ मोडू नये म्हणून आम्ही हाक ऐकून गप्प बसायचो. ते रागवायचे नाहीत. मृदंगावरचा हात थांबवून एवढंच विचारायचे — "बाळांनो, एखाद्याची वस्तू वाट चुकून आपल्या दारी आली. मालकाला पत्ता नाही. आपण तिला हात लावला नाही, उचलली नाही. नुसते गप्प राहिलो. सांगा — ही चोरी की नाही?"

सांगा, मंडळी! ... पुढच्या रांगेतले आजोबा 'नाही' म्हणून मान हलवताहेत. बरं! आजोबा, आख्यान संपेपर्यंत ती मान तशीच ठेवा!

तर ऐका. नदीच्या वळणावर एक गाव, गावाच्या कडेला वेळूचं बेट, आणि बेटाशेजारी दोन भाऊ — थोरला धोंडिबा, धाकटा निवृत्ती. धंदा बांबूचा. सुपं, टोपल्या, रोवळ्या. आई यसूबाई. सूप लेकांनी विणावं आणि दाणे आईनं पाखडावेत. मग ती जात्याला बसायची. गळा कसा? ताज्या बांबूच्या कामटीसारखा — लवचीक, आणि जरासा बोचरा!

*एकाच बेटामंदी, दोन वेळू दाटीवाटी,*
*वारा गं सुटला की, एक वाके दुज्यासाठी...*

ही तिची ओवी. धोंडिबानं एकदा ती फोनवर धरून ठेवली. "मेल्या, त्या पाटीत काय कोंडतोस मला?" म्हणून ती हसली, ते हसूसुद्धा त्यात आलं. आणि सहा महिन्यांत ती गेली.

पुढच्या वर्षी निवृत्तीच्या लेकीचं लग्न. हळद दळायची, जात्याला सुपारी बांधली, बायका बसल्या — पण गाणार कोण? लेक म्हणाली, "काका, तुमचा फोन द्या." निवृत्तीपाशी हा एवढासा स्पीकर होता, लोटीएवढा. तो तिनं काकाच्या फोनला जोडला, ब्लूटूथनं. आणि मांडवात यसूबाई गायली हो! बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

आता हे ब्लूटूथ म्हणजे काय? तरण्यांना ठाऊक आहे. आजोबा, तुमच्यासाठी सांगतो. तार नाही, रिचार्ज नाही, स्वस्तातला कारभार. पल्ला किती? ह्या खांबापासून त्या समईपर्यंत. पण एक रीत फार मोठी आहे. पहिल्यांदा जोडताना फोन विचारतो — "जोडायचं का?" एकदा 'हो' म्हटलं, की दोघं एकमेकांना विसरत नाहीत. पुन्हा जवळ आले, की आपोआप जोडले जातात. मान नाही, अपमान नाही, 'आधी तो बोलू दे' नाही!

आणि माणसं? एका आईच्या कुशीत जोडलेली! ऐका त्यांची तऱ्हा. लग्न झालं, वाटणी निघाली. भांडी झाली, बांबू झाले, जात्यावर अडलं. "आईचं जातं माझं!" "तुझं कसं? माझं!" शेवटी काय केलं? जातं वाटलं! वरची तळी धाकट्याला, खालची थोरल्याला! आता दळा! एका तळीनं पीठ पडलंय का कधी? पण ईर्षा! मधे नऊ इंची भिंत उठली आणि बोलणं बंद.

भिंत माणसांना पुरली. ब्लूटूथला पुरली नाही!

धोंडिबाचा नेम — सकाळी आंघोळ करून देवापुढं बसायचं आणि आईची ओवी लावायची. भिंत झाल्यावर पहिल्या सकाळी त्यानं लावली. आवाज नाही! फोनवर बोलणं नीट व्हायचं, आईच तेवढी मुकी. तालुक्याला दुकानात गेला. पोरानं बोट लावलं — आई खणखणीत! "काका, काही बिघडलेलं नाही." हा घरी आला. लावली. मुकी! दुकानात बोलते, घरात बोलत नाही. याचा अर्थ काय, हे त्यानं कुणालाच विचारलं नाही. मनाशी ठरवलं — जातं फोडलं म्हणून आई रुसली.

आणि भिंतीपलीकडं? वरच्या तळीवर चालूच राहिलेला तो लोटीएवढा स्पीकर बारीक आवाजात गात होता.

निवृत्तीच्या हातातली सुरी थांबली. आई! त्याच्यापाशी तिचा आवाज नव्हता. मागावा, तर बोलणं बंद. आणि आता तो आपल्या पायानं घरी आला. कसा आला, हे त्याला कळलं. कळलं, म्हणूनच तो गप्प बसला. सांगितलं, तर दादा जोडणी तोडून टाकेल! मग रोज सकाळी तो स्पीकर चालू करून, भिंतीपलीकडं जाऊ नये इतका आवाज बारीक ठेवून वाट बघू लागला.

बायको, पारू, शेवटी बोललीच. "अहो, शेजारचा देव आणून पूजा मांडलीत, पावेल व्हय?"

"मी कुठं आणलाय? आपसूक आलाय."

"तर मग आपसूक सांगून या!"

निवृत्ती सूप विणत बसला.

तीन वर्षं गेली. आईची तिथी उद्यावर आली आणि भिंतीपलीकडून धोंडिबाचा आवाज ऐकू आला. बायकोला सांगत होता — "उद्या शेवटचं लावतो. नाहीच बोलली, तर पुसून टाकतो. सोन्यासारखी आई, तिला जबरदस्तीनं कशाला कोंडून ठेवू? माझ्याशी बोलायचं नाही तिला." आणि मग, मंडळी, साठीचा तो माणूस हुंदका देऊन रडला.

त्या रात्री निवृत्तीनं नवं सूप विणायला घेतलं.

तिथीची सकाळ. पान वाढलेलं. धोंडिबानं फोन देवापुढं ठेवला, बोट लावलं. सामसूम. डोळे मिटले. ओवी पुसून टाकायला पुन्हा बोट उचललं — आणि अंगणातून आवाज आला!

*एकाच बेटामंदी...*

आवाज जवळ येऊ लागला. भिंतीला वळसा घालून, तुळशीवरून, पायरीवरून — आई चालत येत होती! दारात निवृत्ती. हातात नवंकोरं सूप, सुपात स्पीकर.

त्याला उंबऱ्यावर क्षणभर उभा राहू द्या, मंडळी. तोवर आपण आपल्या घरात डोकावू. तुमच्यापाशी कुणाचा आवाज अडकलाय? जाणारा माणूस तुमच्याजवळ म्हणून गेला — "त्याला सांग, माझा राग नाही." सांगितलंत? भावाचं कौतुक आईनं तुमच्या कानात केलं. पोचवलंत? चोरी नाही म्हणता? मग ज्याचं होतं, तो उपाशी का राहिला? आजोबा... मान थांबली!

आता निवृत्तीला आत घेऊ.

त्यानं सूप खालच्या तळीवर ठेवलं. ओवी संपली. आईचं ते हसू वाजलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तो भावाशी बोलला —

"दादा, आई रुसली नव्हती. तू रोज हाक मारायचास, ती रोज बोलायची... माझ्या घरात. मला ऐकू येत होतं, दादा. मी सांगितलं नाही."