मानकाकीला नायिका म्हणू नका

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे सभासद, म्हसावदकर मंडळी आणि मानकाकीच्या घरची माणसं,

मला बोलता येईल की नाही, सांगता येत नाही. वर्गात रोज बोलते, पण हा वर्ग नाही. त्यात माझ्याआधी तीन भाषणं झाली. एकात मानकाकी सोज्ज्वळ ज्योत होती. दुसऱ्यात वादळातली वेल होती. तिसऱ्यात तर ती ‘मुखावर मंद स्मित ठेवून अनंतात विलीन झाली.’

मंडळी, मी शेवटी तिच्या उशाशी होते. मंद स्मित वगैरे काही नव्हतं. तिला ताप होता. तिने पाणी मागितलं, घोटभर प्यायली, ‘गरम शे,’ म्हणून तोंड वाकडं केलं आणि कुशीवर वळली. पुन्हा जागी झाली नाही.

माणसं अशीच मरतात. कादंबरीतली नायिका मरायला लागली की दोन प्रकरणं बोलते. क्षयाने छाती पोखरलेली, आणि वाक्यं केवढी लांब! काकी पुस्तक मिटून विचारायची, ‘खोकला येत नही का व इले?’

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते. मानकुंवरबाई ही आमच्या गावातल्या मारवाडी कापडदुकानदारांची थोरली सून. फार लहान वयात विधवा झाली. घरात मारवाडी बोलायची, गिऱ्हाईक बायकांशी अहिराणी. छापील मराठी तिने दिराच्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांवरून उचललं. दुपारी दुकान थंड असलं की मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्याला टेकून ती वाचत बसायची. प्रेमाच्या कादंबऱ्या, गुप्तहेरांच्या, तलवारबाजीच्या. हाताला लागेल ते वाचायची आणि वाचता वाचता लेखकाचा उद्धार करायची.

नायिका चांदण्यात बागेत अनवाणी फिरली, की काकी म्हणायची, सातपुड्याच्या पायथ्याला येऊन फिर म्हणावं, पहिल्या रात्री विंचू दाखवते. नायक उसासे टाकायला लागला, की विचारायची, ‘हाऊ मानूस काम कव्हय करस?’ गुप्तहेराच्या गोष्टीत गुन्हेगार हमखास रुमाल विसरून जायचा, त्यावर नावाचं अक्षर भरलेलं. काकी कापडवाली. ती म्हणायची, एवढा चांगला रुमाल कोणी टाकून जात नाही. आणि विधवा! पुस्तकात विधवा आली, की काकी आधी शेवटचं पान उघडायची. ‘देख, मरनी. हाई बाई हरेक पुस्तकमा मरस. इले दुसरं काही काम शे का नही?’

मी एकदा विचारलं, इतका राग येतो तर पुरं कशाला वाचता? ती म्हणाली, ‘पुरं वाचाबिगर शिव्या कश्या देऊ?’

हसलात. हसा. तिला आवडलं असतं. पण याच शिव्यांनी माझा जन्म वाचवला, ते आज सांगायला मी उभी आहे. काही जणांना ते आवडणार नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांची. इथल्या पाटलाची मुलगी, सातवी पास, घरी बसलेली. कापसाच्या मोसमात एका व्यापाऱ्याचा कारकून गावात आला होता. त्याचं नाव मी घेणार नाही. केस मागे वळवलेले, डोळे कायम दूर कुठेतरी लागलेले. आमच्या खळ्यावर कापसाचा सौदा करायला यायचा आणि माझे वडील, आबा, वजनकाट्याकडे बघत असले की माझ्याशी बोलायचा. एके दिवशी म्हणाला, ‘आपल्या नेत्रांच्या डोहात माझं तारू बुडालं आहे.’

आज सांगताना किळस येते. तेव्हा आली नव्हती. आमच्याकडे मला ‘आपण’ कोणी म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला, आपण नंदुरबारला जाऊ, गाडी धरू, सुरतेला देवळात लग्न करू. मी हो म्हणून बसले. पण असलं सुख कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून काकीकडे गेले. त्याचं वाक्य तिला लाजत लाजत ऐकवलं.

काकी कात्रीने कापड कापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आता मला किनारा नको, केवळ आपण हव्यात.’

माझ्या अंगावर काटा आला. हेच तो पुढे म्हणाला होता!

‘काकी, तुम्हाला कसं माहीत?’

‘तिसरं प्रकरण शे व ते. गये साल वाचं मी. रद्दी पुस्तक.’

तिने मला रागावलं नाही. घरी सांगेन, अशी धमकी दिली नाही. एवढंच म्हणाली, त्याला सांग, लग्नाचं कापड आमच्या दुकानातून घे. मी आत बसते, तूही बस.

तो आला, भरदुपारी. दुकानात काकीचे दीर होते, दोन गिऱ्हाइकं होती. काकी पडदा सारून बाहेर आली. मारवाड्याची विधवा सून, परक्या पुरुषापुढे. दिरांच्या हातातला कापड मोजायचा गज तसाच राहिला. तिने धोतरजोडी पुढे टाकली आणि शुद्ध मराठीत विचारलं, ‘तारू बुडालं म्हणे आपलं?’

तो गडबडला. मग सावरून काहीतरी पवित्र प्रेमाबद्दल बोलू लागला. त्याने अर्धं वाक्य म्हणायचं आणि काकीने पुरं करायचं, असं चाललं. गिऱ्हाइकं हसायला लागली. मी पडद्यामागे होते. मला हसू येत नव्हतं.

शेवटी काकी म्हणाली, ‘त्या पुस्तकात पुढे नायकाची पहिली बायको निघते. माहेरी ठेवलेली असते. तुमनी कोठे शे?’

त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

मंडळी, कोणीही सांगितलं नव्हतं. काकीला फक्त पुस्तक माहीत होतं.

बायको खापर गावी होती, माहेरी, बाळंतपणाला. दोन बायका करणं त्या काळी कायद्याने गुन्हा नव्हता. मी सुरतेहून परत आले असते तरी मला घरात कोणी घेतलं नसतं. तो त्याच आठवड्यात गावातून गेला. जाताना रडला, असं ऐकलं. रडणारच. पुस्तकात होतं ना.

मीही रडले. काकीच्या मागच्या खोलीत, गठ्ठ्यावर डोकं ठेवून. वाटलं, आता ती माझ्या पाठीवरून हात फिरवील. ती म्हणाली, ‘रडी ले. पोटभर रड. पन नदीकडे जाऊ नको, तठे सगळ्या नायिकांनी गर्दी शे.’ आणि माझ्यापुढे भाकरी ठेवली. मी रडत रडत खाल्ली.

मग ती आमच्या घरी आली. आबांसमोर उभी राहिली. म्हणाली, ‘पाटीलभाऊ, तुमनी आंडेर, हाई पोर, हुशार शे. तिले घरमा ठेवशात ते ती कोना ना कोना डोळामा बुडी. धुळाले धाडा, मास्तरीण करा.’ आबा कापसाचा भाव सोडून कशावर फारसं बोलत नसत. उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, तुम्ही आमच्या दारात आलात. मी नाही कसा म्हणू?’

मी धुळ्याला गेले. शिकले. आज तिथल्याच कन्याशाळेत मुख्याध्यापिका आहे.

आणि काकीचं काय झालं? भरदुकानात परपुरुषाशी प्रेमाची वाक्यं बोलली, असं गावभर झालं. दिरांनी तिचं दुकानात बसणं बंद केलं. आणि ह्या वाचनालयाच्या मंडळींनी तिची वर्गणी परत पाठवली. कादंबऱ्यांनी बाई बिघडली, असं कारण दिलं. ती मंडळी आज इथे पुढच्या ओळीत बसली आहेत. त्यांपैकी एकाने आत्ता तिला ज्योत म्हटलं. काका, खाली बघू नका. मी वाईट बोलत नाही, मी झालेलं सांगते.

तिने कधी तक्रार केली नाही. मी प्रत्येक सुट्टीत धुळ्याहून पुस्तकं आणायची. काकी ती वाचायची, लेखकाला झोडपायची, आणखी मागायची. या दिवाळीला मी एक नवी कादंबरी आणली. तोवर तिची नजर गेली होती, म्हणून मीच वाचून दाखवली. त्यातली विधवा मरत नाही. शेवटच्या प्रकरणात लग्न करते, आणि दोघं बाजारात भाजी घेत असताना पुस्तक संपतं. मी थांबले. आता शिव्या येतील, म्हणून वाट बघत बसले.

काकी एवढंच म्हणाली, ‘खोटं शे.’

मी म्हटलं, हो, खोटंच आहे.

‘पन खोटं सांगानं व्हई ते असं सांगो.’ मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, ‘तेवढं भाजीनं पान परत वाच.’

मी परत वाचलं. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. ती सोळाव्या वर्षापासून पांढऱ्या लुगड्यात होती, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

आता दुखवट्याचा ठराव मांडतील. काकीच्या नावाने कपाट करणार आहेत, असं कळलं. करा. पण आधी एक बघा. या सभेला गावातल्या बायका आल्या आहेत आणि त्या सगळ्या बाहेर ओट्यावर उभ्या आहेत. आत जागा आहे. मघापासून मला दिसते आहे.

मायबहिणींनो, या आत. चपला असू द्या. पोरं कडेवर असली तरी या. काका, जरा सरका.

या. अजून या.

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. चांगलंही बोलू नका.

मानकाकी, माझा नमस्कार.